इराक वॉरचा हिशोब कुणी दिला? मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची सांगलीची, २००० पासून न्यू जर्सीत. राजकारणात माझं मत डावीकडं झुकलेलं आहे हे सासरच्यांपासून ऑफिसातल्यांपर्यंत सगळ्यांना पाठ झालंय, त्यामुळं गणपतीत असो, बार्बेक्यूला असो, इराकचा विषय निघाला की तेच प्रश्न येतात आणि मी तेच बडबडते. एकदा लिहून ठेवलं की सुटले. काही उत्तरं दोन ओळींची आहेत, जिथं डोकं तापतं तिथं लांबलीत.

वीस वर्षं होऊन गेली की. आता कशाला गाडलेली मढी उकरायची?

मढं गाडलं कुठं होतं? ऑक्टोबर २००२ मध्ये काँग्रेसनं (म्हणजे इथली संसद, आपला पक्ष नव्हे) राष्ट्राध्यक्ष बुशना इराकवर सैन्य वापरायची परवानगी दिली, मार्च २००३ मध्ये हल्ला झाला, पुढं इराकचा हुकूमशहा सद्दाम फाशी गेला, २०११ मध्ये सैन्य परत आलं, तरी तो ठराव कायद्याच्या पुस्तकात जिवंतच. जानेवारी २०२० मध्ये ट्रम्पनी बगदाद एअरपोर्टजवळ जनरल सुलेमानीला ड्रोननं मारलं तेव्हा कायद्याचा आधार म्हणून काय पुढं केलं, तर हाच २००२ चा कागद. मारलेला माणूस इराणचा, परवानगी सद्दामच्या इराकविरुद्धची, आणि सद्दाम मरून तेरा वर्षं झालेली! ठराव रद्द करायला हाऊसनं (काँग्रेसचं खालचं सभागृह) २०२१ मध्ये मत दिलं, सिनेटनं (वरचं) २०२३ मध्ये ६६ विरुद्ध ३० नं दिलं, पण दोघांचं एकत्र काही जमेना, शेवटी डिसेंबर २०२५ मध्ये डिफेन्सच्या भल्यामोठ्या बिलात घुसवून रद्द झाला. तेवीस वर्षं. सातबाऱ्यावरून मयताचं नाव काढायलासुद्धा एवढी लागत नाहीत. आणि ९/११ नंतरचा २००१ चा ठराव, ज्याच्या विरोधात अख्ख्या काँग्रेसमध्ये एकट्या बार्बरा ली उभ्या राहिल्या होत्या, तो अजून आहेच.

पण ती चूक होती ना? गुप्तचरांची माहिती चुकली, त्याला खोटं बोलणं कसं म्हणायचं?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर याचं उत्तर दोन भागात आहे.

सद्दामकडं जुनी केमिकल हत्यारं लपवलेली असतील असं तेव्हा बऱ्याच जणांना खरंच वाटत होतं, युद्धाच्या विरोधात असलेल्यांनासुद्धा. ती झाली चूक. पण केमिकल हत्यारांच्या भीतीनं अमेरिकन माणूस पोराला लढाईवर पाठवत नाही, त्यासाठी अणुबॉम्ब दाखवावा लागतो, आणि अणुबॉम्बची गोष्ट ही चूक नव्हती, ती फुगवलेली होती. इराकनं मागवलेल्या अॅल्युमिनियमच्या नळ्या बॉम्बचं युरेनियम बनवायलाच आहेत असं टीव्हीवर ठासून सांगितलं जात होतं तेव्हा सरकारच्याच ऊर्जा खात्यातले तज्ज्ञ म्हणत होते की या साध्या रॉकेटच्या नळ्या वाटतात. आफ्रिकेतल्या नायजरमधून युरेनियम घेतल्याचे कागद तर इतके गचाळ की एका पत्रावर ज्या मंत्र्याची सही होती तो कित्येक वर्षांपूर्वीच पायउतार झालेला. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या अल बरादेईंनी मार्च २००३ मध्ये, हल्ल्याच्या आधी, सुरक्षा परिषदेत सांगितलं की हे कागद बनावट आहेत. आपल्या तलाठ्यानं एका नजरेत पकडले असते. तरी जानेवारीच्या भाषणात बुशनी आफ्रिकेतल्या युरेनियमचं वाक्य टाकलंच होतं.

मग ५ फेब्रुवारी २००३, परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल युनोत. ती छोटी काचेची कुपी बोटात धरलेला फोटो तुम्ही पाहिला असेल, एवढीशी पावडर किती लोकांना मारू शकते ते दाखवायला. आम्ही ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये उभं राहून बघत होतो आणि माझा मॅनेजर, अगदी सज्जन माणूस, म्हणाला की पॉवेल म्हणतोय म्हणजे खरंच असणार. हीच तर गंमत, त्यांची जन्मभराची पत या कामाला वापरली. फिरत्या जैविक प्रयोगशाळांची जी चित्रं त्यांनी दाखवली त्यांचा मुख्य साक्षीदार जर्मनीत आसरा मागणारा एक इराकी इंजिनिअर, टोपणनाव 'कर्व्हबॉल'. सीआयएनं युद्धाआधी त्याची स्वतः एकदाही उलटतपासणी घेतली नव्हती, आणि जर्मन अधिकाऱ्यांनाच त्याच्याबद्दल शंका होत्या. २०११ मध्ये त्यानं स्वतः कबूल केलं की मी थापा मारल्या. पॉवेल नंतर म्हणाले की हा माझ्या कारकिर्दीवरचा डाग आहे. निदान तेवढं तरी म्हणाले.

आणि लंडनची ती २३ जुलै २००२ ची टिपणं, ब्रिटिश पंतप्रधान ब्लेअरच्या मीटिंगची. ब्रिटिश गुप्तचर प्रमुख वॉशिंग्टनहून येऊन सांगतात की तिकडं धोरण आधी ठरलंय आणि पुरावे त्याच्या मापानं बसवले जातायत. हल्ल्याच्या आठ महिने आधी! मुलगी बघायच्या आधीच पत्रिका छापून झाली होती.

म्हणजे सद्दाम काय धुतल्या तांदळाचा होता?

अजिबात नाही. १९८८ मध्ये हलब्जात कुर्दांवर विषारी वायू सोडणारा माणूस. (१९८३ च्या डिसेंबरात बगदादला जाऊन त्याच्याशी हात मिळवणारा रेगनचा दूत कोण, तर डोनाल्ड रम्सफेल्ड. असो.) सद्दामवर खटला चालला, ३० डिसेंबर २००६ ला फाशी झाली. त्याचा हिशोब चांगला वाईट कसा का होईना झाला. प्रश्न बाकीच्यांचा आहे.

रिपब्लिकनांचं युद्ध होतं ना? डेमोक्रॅट तर विरोधात होते.

इथं आमच्या डाव्या मंडळींनाही जरा आरसा दाखवावा लागतो. हाऊसमध्ये २९६ विरुद्ध १३३, सिनेटमध्ये ७७ विरुद्ध २३. हाऊसमधल्या बहुसंख्य डेमोक्रॅटांनी विरोध केला, नॅन्सी पलोसींनी केला, अपक्ष बर्नी सँडर्सनी केला, हे खरं. पण सिनेटमधले २९ डेमोक्रॅट बाजूनं होते. हिलरी क्लिंटन, जॉन केरी, जॉन एडवर्ड्स, जो बायडन. म्हणजे २००४ चे राष्ट्राध्यक्षपदाचे आणि उपाध्यक्षपदाचे दोन्ही उमेदवार, २०१६ च्या उमेदवार, २०२० चा उमेदवार, चौघंही यात. बायडन तर तेव्हा सिनेटच्या परराष्ट्र समितीचे अध्यक्ष. गुप्तचरांचा नव्वद-एक पानांचा मूळ अहवाल वाचायला ठेवला होता, तो जाऊन वाचणारे सिनेटर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. फ्लोरिडाचे बॉब ग्रॅहम यांनी वाचला आणि विरोधात मत दिलं.

मिनेसोटाचे पॉल वेलस्टन यांचं नाव मी मुद्दाम घेते. महिन्याभरावर निवडणूक, सीट अटीतटीची, सल्लागार घाबरलेले, तरी 'नाही' म्हणाले. पंधरा दिवसांत विमान अपघातात गेले. आणि वेस्ट व्हर्जिनियाचे म्हातारे रॉबर्ट बर्ड, रिकाम्या सभागृहात उभे राहून बोलत होते, मी टीव्हीवर बघत होते, खुर्च्या अक्षरशः मोकळ्या. रिपब्लिकन सिनेटरांपैकी विरोधात एकच, लिंकन चेफी.

म्हणून हे युद्ध फक्त बुशचं म्हणून मोकळं होता येत नाही. आणि पुढं कुणाचा हिशोब का झाला नाही याचं निम्मं उत्तरही इथंच आहे. ज्यांनी तपास करायचा त्यांच्याच सह्या कागदावर.

जेलमध्ये गेलंच नाही का कुणी?

गेले की. कोण गेले ते बघा.

बगदादजवळच्या अबू गरीब तुरुंगातले फोटो एप्रिल २००४ मध्ये बाहेर आले. डोक्यावर काळी टोपडी, बोटांना वायरी, खोक्यावर उभा केलेला कैदी. अकरा सैनिकांना शिक्षा झाली, सगळे खालच्या रँकचे, सगळ्यात जास्त दहा वर्षं. ब्रिगेडियर जनरल जॅनिस कार्पिन्स्कींना एक पायरी खाली उतरवलं. कोर्टापर्यंत गेलेला एकच ऑफिसर, लेफ्टनंट कर्नल, तो छळाच्या आरोपातून सुटला आणि नुसती ताकीद होती तीही नंतर रद्द झाली. आता वरचा मजला बघा. डिसेंबर २००२ मध्ये ग्वांतानामोतल्या (क्यूबातला अमेरिकन तुरुंग) कैद्यांवर चौकशीत वापरायच्या पद्धतींचा कागद संरक्षणमंत्री झालेल्या रम्सफेल्डच्या टेबलावर आला, त्यात कैद्याला चार तासांपर्यंत उभं ठेवायचं असं होतं. साहेबांनी सही केली आणि खाली हातानं लिहिलं की मी रोज आठ-दहा तास उभा असतो, मग यांना चारच तास का? (साहेबांना ऑफिसात उभं राहून काम करायची सवय होती.) या पद्धती तिथून इराकपर्यंत कशा झिरपल्या ते सिनेटच्याच आर्म्ड सर्व्हिसेस समितीनं २००८ मध्ये लिहून ठेवलंय, आणि त्या समितीत मॅकेनसारखे रिपब्लिकनही होते. रम्सफेल्डनी नोव्हेंबर २००६ मध्ये, रिपब्लिकन निवडणूक हरल्यावर, राजीनामा दिला, २०२१ मध्ये घरी शांतपणे वारले.

इराकमधलं हदिथा गाव, नोव्हेंबर २००५. रस्त्यावरच्या बॉम्बनं एक मरीन मेला, त्यानंतर त्याच्या साथीदारांनी २४ इराकी मारले, त्यात बायका होत्या, लहान मुलं होती, घरात अंगावर रात्रीचे कपडे असलेली. आठ जणांवर आरोप ठेवले, बाकीच्यांचे एकेक करून गळाले, शेवटी २०१२ मध्ये एका सार्जंटनं 'कर्तव्यात कसूर' एवढं कबूल केलं. रँक गेली. जेल एक दिवसही नाही.

स्कूटर लिबी, उपाध्यक्ष चेनींचा उजवा हात, सीआयएच्या एका गुप्त अधिकाऱ्याचं नाव फुटलं त्या चौकशीत शपथेवर खोटं बोलला म्हणून ३० महिन्यांची शिक्षा. बुशनी जेलची शिक्षा माफ केली, ट्रम्पनी २०१८ मध्ये पूर्ण माफी दिली.

आणि चेल्सी मॅनिंग. बगदादमध्ये हेलिकॉप्टरमधून रॉयटर्सच्या दोन माणसांसकट लोकांना टिपतानाचा २००७ चा व्हिडिओ आणि हजारो कागद बाहेर काढणारी. शिक्षा ३५ वर्षं. ओबामांनी जाता जाता कमी केली म्हणून सात वर्षांत सुटली, पण ३५ चा आकडा परत वाचा आणि हदिथाचा शून्य परत वाचा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

डिसेंबर २००४ राहिलंच. सीआयएचे जॉर्ज टेनेट, हल्ल्याचे जनरल टॉमी फ्रँक्स आणि इराकचं सैन्य एका हुकमात बरखास्त करून लाखो बंदूकवाल्यांना बेकार करणारे पॉल ब्रेमर, या तिघांना बुशनी एकाच दिवशी गळ्यात पदक घातलं, प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम, इथलं सगळ्यात मोठं नागरी पदक.

ते ब्लॅकवॉटरचं काय झालं होतं?

निसूर चौक, बगदाद, १६ सप्टेंबर २००७. भर दुपार, ट्रॅफिक. एक पांढरी किया गाडी, मेडिकलला शिकणारा मुलगा चालवतोय, शेजारी त्याची डॉक्टर आई. ब्लॅकवॉटर ही अमेरिकेनं कंत्राटावर घेतलेली खासगी सुरक्षा कंपनी, तिच्या ताफ्यानं चौक अडवला होता, पहिली गोळी त्या मुलाला, मग आईला, मग सगळीकडं. इराकी तपासात १७ मेले, त्यात नऊ वर्षांचा एक पोरगा, वडिलांच्या गाडीत मागच्या सीटवर बसलेला.

इराकमध्ये खटला भरता येत नव्हता, कारण परदेशी कॉन्ट्रॅक्टरांवर इराकी कोर्टाचा हात पडणार नाही असा हुकूम ब्रेमर काढून गेले होते. अमेरिकेतला खटला २००९ च्या शेवटच्या दिवशी फेटाळला गेला, २०११ मध्ये परत उभा राहिला. सरकारी वकिलांनी सोडलं नाही, हे मी आवर्जून सांगते, एफबीआयची माणसं बगदादला गेली, तीसेक इराकी साक्षीदार विमानानं वॉशिंग्टनला आणले. २०१४ मध्ये चौघं दोषी ठरले, एकाला नंतर जन्मठेप. कधी नव्हे ते सिस्टीमनं काम केलं. आणि २२ डिसेंबर २०२० ला ट्रम्पनी चौघांनाही माफी देऊन टाकली. नाताळची भेट. कंपनीचे संस्थापक एरिक प्रिन्स, त्यांची बहीण तेव्हा ट्रम्पच्याच मंत्रिमंडळात शिक्षणमंत्री.

एक गोष्ट मात्र चांगली झाली. अबू गरीबमध्ये चौकशीवाले पुरवणाऱ्या काकी नावाच्या कंपनीवर (हो, नाव ऐकून मलाही आधी हसू आलं) तीन इराकींनी २००८ पासून लावून धरलेला दावा नोव्हेंबर २०२४ मध्ये निकाली लागला, व्हर्जिनियातल्या ज्युरीनं ४.२ कोटी डॉलर भरायला सांगितले. सोळा वर्षं लागली.

ओबामा तर या युद्धाच्या विरोधात निवडून आले होते. त्यांनी का नाही काही केलं?

मी त्यांच्यासाठी फोन बँकिंग (मतदारांना फोन करकरून प्रचार) केलंय, मत नव्हतं तरी, त्यामुळं हे लिहिताना अजून लागतं.

२००२ मध्ये शिकागोत त्यांनी याला मूर्खपणाचं युद्ध म्हटलं होतं, त्या एका भाषणाच्या जोरावर हिलरींना हरवलं. आणि जानेवारी २००९ मध्ये, शपथ घ्यायच्याही आधी, टीव्हीवर म्हणाले की मागं बघण्यापेक्षा पुढं बघायला हवं. बास. तिथंच विषय मिटला. नंतर सीआयएच्या ताब्यातल्या सुमारे शंभर कैद्यांची प्रकरणं एका खास वकिलाकडं दिली, तो दोन मृत्यूंवर येऊन थांबला, त्यातला एक अबू गरीबमधला, आणि २०१२ मध्ये तेही बंद. छळाच्या त्या सगळ्या प्रकरणात जेलमध्ये गेलेला सीआयएचा अधिकारी कोण, तर जॉन किरियाकू. वॉटरबोर्डिंगबद्दल (कैद्याच्या तोंडावर पाणी ओतून बुडाल्यासारखं करायचं) टीव्हीवर उघड बोललेला, एका अधिकाऱ्याचं नाव पत्रकाराला दिलं म्हणून ३० महिने.

त्याआधी २००६ मध्ये डेमोक्रॅट जिंकल्यावर पलोसींनी इंपीचमेंटचा (महाभियोगाचा) विषय टेबलावरच नाही असं सांगून टाकलं होतं. डेनिस कुसिनिच यांनी जून २००८ मध्ये ३५ कलमांचं इंपीचमेंट आणलं, तासन्तास उभं राहून वाचलं, ते समितीकडं गेलं आणि तिथंच झोपलं.

असं का केलं याचं एक समंजस कारण लोक देतात की नव्या सरकारनं जुन्या सरकारला कोर्टात खेचायची प्रथा पडली तर दर चार वर्षांनी तेच होईल, आणि २००९ मध्ये मंदी होती, हेल्थकेअर बिल काढायचं होतं. मला ते कारण समजतं. पटत नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, हे खरं कारण. उद्या आपल्या ड्रोनचा हिशोब कुणी मागितला तर?

हेगच्या कोर्टात का नेत नाहीत?

हेगचं ते आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय, अमेरिका त्याची सभासद नाही. क्लिंटननी २००० मध्ये जाता जाता सही केली होती, बुशनी मे २००२ मध्ये ती मागं घेतली, आणि ऑगस्टमध्ये कायदाच केला की आमच्या माणसाला हेगमध्ये धरलं तर सोडवायला राष्ट्राध्यक्ष लागेल ते करू शकतात. लोक त्याला 'हेगवर स्वारीचा कायदा' म्हणतात. तारखा बघा, मे, ऑगस्ट, आणि पुढच्या मार्चमध्ये इराक. इराकही सभासद नाही. सुरक्षा परिषदेत गेलात तर व्हेटो. युनोचे सरचिटणीस कोफी अन्नान यांनी २००४ मध्ये युद्ध बेकायदेशीर होतं असं सरळ म्हटलं, त्यावर कुणाचं काही वाकडं झालं नाही.

आणि अमेरिकेतल्या कोर्टात? एका निर्वासित इराकी बाईनं २०१३ मध्ये कॅलिफोर्नियात बुश, चेनी, रम्सफेल्ड, पॉवेल वगैरेंवर दावा लावला होता. २०१७ मध्ये अपील कोर्टानं सांगितलं की हे लोक आपल्या पदाचं काम करत होते, म्हणून त्यांच्यावर वैयक्तिक दावा चालणार नाही. गंमत म्हणजे न्यूरेंबर्गला, आक्रमक युद्ध हाच सगळ्यात मोठा गुन्हा, असं जगाला शिकवणारे वकील अमेरिकनच होते.

ब्रिटननं तरी चौकशी केली ना?

केली. चिलकॉट चौकशी, २००९ ला सुरू, जुलै २०१६ ला अहवाल, बारा खंड, २६ लाख शब्द. ब्लेअरनी बुशना आधीच लिहिलं होतं की काहीही झालं तरी मी तुमच्या बरोबर, तेही त्यात छापलं. शिक्षा कुणाला नाही, उलट २०२१ च्या शेवटी ब्लेअर 'सर' झाले. तरी मी म्हणेन की कागदावर आलं, शाळेतल्या पोरांना वाचता येईल असं आलं. अमेरिकेत तेवढंही नाही, इथल्या चौकश्या गुप्तचर कुठं चुकले याच्यावर, त्यांना चुकायला कुणी ढकललं ते बाजूला. सिनेटच्या समितीचा तो भाग यायला २००८ उजाडलं.

पेपरवाले काय करत होते?

न्यूयॉर्क टाइम्सनं नळ्यांची बातमी पहिल्या पानावर छापली, त्याच दिवशी चेनींनी टीव्हीवर तिचा दाखला दिला. मूळ माहिती सरकारी, छापली पेपरनं, आणि पेपरात आलंय म्हणून सांगतंय सरकार! मे २००४ मध्ये टाइम्सनं आत कुठंतरी दिलगिरीवजा टीप टाकली. नाइट रिडर नावाच्या कंपनीचे लँडे आणि स्ट्रोबेल हे दोन पत्रकार मात्र तेव्हाच खालच्या अधिकाऱ्यांशी बोलून बरोबर लिहीत होते, पण त्यांचे पेपर वॉशिंग्टनमध्ये कोण वाचतंय. ती कंपनी २००६ मध्ये विकली गेली.

जाता जाता, फ्रान्सनं युद्धाला विरोध केला म्हणून इथल्या संसदेच्या कॅन्टीनमध्ये फ्रेंच फ्राइजचं नाव बदलून 'फ्रीडम फ्राइज' करणारे खासदार बॉब ने पुढं लाचखोरीत ३० महिन्यांसाठी आत गेले. इराक वॉरशी संबंधित एवढा वरचा माणूस जेलमध्ये गेलेला मला हाच आठवतो, आणि तोही भलत्याच कारणानं.

यात आपला, म्हणजे भारताचा काय संबंध?

आहे थोडा. अमेरिकेला आपलं सैन्य हवं होतं, जवळजवळ एक डिव्हिजन, १७ हजार. वाजपेयी सरकारनं जुलै २००३ मध्ये युनोचा आदेश नाही म्हणून नकार दिला. मी वाजपेयींच्या पक्षाची नाही, पण हा नकार योग्य होता आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. त्याआधी एप्रिलमध्ये लोकसभेनं ठराव केला होता, त्यात हिंदीत 'निंदा' आणि इंग्रजीत जरा मवाळ शब्द, म्हणजे घरच्यांना एक आणि पाहुण्यांना एक.

आणि नटवरसिंग. युनोच्या तेलाच्या बदल्यात धान्य योजनेतल्या लाचखोरीवर वोल्कर समितीचा अहवाल २००५ मध्ये आला, त्यात नाव आल्यावर आधी परराष्ट्र खातं गेलं, महिन्याभरात मंत्रिपदच गेलं. आरोप त्यांनी नाकारले. ते दोषी होते की नाही यात मला पडायचं नाही, पण इराकच्या प्रकरणात पद गेलेला मंत्री दिल्लीत सापडतो, वॉशिंग्टनमध्ये मात्र पदक मिळतं.

ट्रम्प तर इराक वॉरला शिव्या घालतो. मग तो तुमच्यातलाच की.

२०१६ मध्ये साउथ कॅरोलिनात जेब बुशच्या तोंडावर म्हणाला की तुझ्या भावाच्या सरकारनं खोटं सांगितलं, तेव्हा मी सोफ्यावरून उठून उभी राहिले होते हे कबूल करते. आमचे फारसे मोठे डेमोक्रॅट इतकं सरळ बोलले नव्हते, ही आमच्या पक्षाची लाज. पण नंतर काय केलं ते वर आलंच आहे, लिबीला माफी, ब्लॅकवॉटरला माफी. आणि २०२४ मध्ये आमच्या बाजूनं काय केलं? डिक चेनींनी कमला हॅरिसना पाठिंबा दिला तो अभिमानानं मिरवला. नवरा म्हणाला मतं कुठूनही आली तरी मतंच. मी दोन दिवस त्याच्याशी राजकारणावर बोलले नाही.

बुशना कधी पश्चात्ताप झाला का?

मार्च २००४ मध्ये पत्रकारांच्या जेवणात त्यांनी ऑफिसात टेबलाखाली वाकून काहीतरी शोधतानाचे फोटो दाखवले, ती हत्यारं इथं नाहीत, तिथंही नाहीत, आणि अख्खा हॉल हसला. तोवर पाचशेच्या वर अमेरिकन पोरं मेली होती, इराकी किती ते मोजतच नव्हते. (शेवटी अमेरिकन सैनिक साडेचार हजारांच्या आसपास, इराकी नागरिक, नुसते नोंद झालेलेच, दोन लाखांच्या घरात.)

मे २०२२ मध्ये डॅलसच्या भाषणात पुतिनवर बोलताना त्यांच्या तोंडून गेलं की एका माणसानं ठरवून इराकवर अन्यायानं क्रूर हल्ला केला, मग सावरले, म्हणजे युक्रेनवर. मग हळूच म्हणाले, इराकही. वय झालं म्हणाले. परत हॉल हसला.

मग तुझ्या मते व्हायला काय हवं होतं?

फाशी बिशी नको. शपथेवर साक्ष देणं भाग पडेल अशी चौकशी, बुश-चेनींसकट, टीव्हीवर. इराकी कुटुंबांना थेट भरपाई. माफी देताना मेलेल्यांच्या घरच्यांना आधी कळवणं, निसूर चौकातल्या बापाला बातमी टीव्हीवरून कळू नये एवढं तरी. आणि २००१ चा ठराव रद्द. फार मोठी यादी नाही.

मोर्चे काढून काय झालं मग?

१५ फेब्रुवारी २००३ ला आम्ही न्यूयॉर्कला गेलो होतो. चालायला परवानगीच दिली नव्हती, फर्स्ट अॅव्हेन्यूवर पोलिसांच्या लोखंडी कठड्यांत गुरांसारखं उभं केलेलं, थंडी अशी की हातमोज्यात बोटं कळत नव्हती. मी एच-वन व्हिसावर. आदल्या रात्री कॉलिंग कार्डावरून सांगलीला फोन केला तर बाबा म्हणाले, जा पण फोटोत येऊ नकोस. शेजारी एक ज्यू आजी होत्या, त्यांनी थर्मासमधला चहा दिला, त्या व्हिएतनामच्या वेळीही आल्या होत्या म्हणे. युद्ध थांबलं नाही. पुढच्या महिन्यात झालंच.

तू तर तिथली सिटिझन झालीस. ज्या देशाचं मीठ खातेस त्यालाच नावं ठेवतेस?

कर भरते, त्यातूनच ते युद्ध झालं, म्हणून तर ठेवते.

सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू २०१६ मध्ये झाला. उजवा हात वर करून शपथ, समोर माझाच फॉर्म, अधिकारी बाई एकेक प्रश्न वाचत होत्या. कधी दारू पिऊन गाडी चालवलीत का, टॅक्स थकवलाय का, आणि मग त्याच सुरात, तुम्ही कधी कुणाचा छळ केलात का, किंवा छळ करायला कुणाला मदत केलीत का. मी नाही म्हणाले. त्यांनी लाल पेनानं टिक केली आणि पान उलटलं.